टॅन्सीसाठी कुणी केस कापू नयेत

होकार द्यायला डेल्फीनला फार तर नऊ सेकंद लागले असतील. गावच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती कुणाच्या तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होती, आणि मोजणी शंभरावर पोचेपर्यंत तिला मध्येच कुणी बोललेलं खपत नसे. फोन ऑरेस्टचा होता. ऑरेस्ट खताच्या दुकानाचा मालक, शिवाय तिचा नवरा ल्योनेल ज्या संघातून बर्फावरची हॉकी खेळायचा त्याचा प्रशिक्षक.

"डेल, शनिवारी रिंकवर टॅन्सीसाठी सगळे डोकी भादरून घेतोय. आपला संघ, शाळा, आगीचा बंब चालवणारे, सगळे. ल्योनेलचं नाव यादीत पहिलं घालू ना?"

"घाल," ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, एकसष्ट.

नाही म्हणण्यासारखं तिला त्यात काही दिसलं नाही. टॅन्सी तिची मुलगी, सहा वर्षांची. तिला रक्ताचा कर्करोग असल्याचं निष्पन्न होऊन सात महिने झाले होते. उपचारांचा तिसरा टप्पा चालू होता आणि पहिल्या टप्प्यानंतर पुन्हा उगवू लागलेले केस आता दुसऱ्यांदा गळून गेले होते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या नऊशे वस्तीच्या त्या गावाला अशा वेळी दोनच गोष्टी सुचत: भट्टीत भाजलेली मकरोनी आणून देणं, नाहीतर रिंकवर, हॉकीच्या बर्फाळ मैदानावर, जमणं. डेल्फीनच्या फ्रीझरमध्ये मकरोनीच्या अकरा थाळ्या साठल्या होत्या. आता रिंकची पाळी आली, एवढाच अर्थ तिनं घेतला, आणि संध्याकाळी जेवताना ल्योनेलला सांगितलं. ल्योनेलनं मान हलवली आणि लोण्याची बशी पुढं सरकवली.

ही घटना सोमवारची. बुधवारी टॅन्सीनं गोळी थुंकली.

गोळी चौदा दिवसांची होती. रोज संध्याकाळी पाच वाजता, रिकाम्या पोटी. त्यातल्या पाच टॅन्सीनं नाक मुरडत, पण नेमानं घेतल्या होत्या. सहावी तिनं तोंडातून काढून टेबलावर ठेवली. फेकली नाही, ठेवली.

"कडू लागतेय? सिरपमध्ये कालवून देऊ?"

"कडू नाहीये."

"मग?"

"उपयोग नाहीये."

शब्द डेल्फीनचाच होता. घरात निकामी बॅटरीपासून निवडणुकीतल्या आश्वासनांपर्यंत सगळ्याला ती तोच लावत असे. "कोण म्हणालं उपयोग नाही?"

"सगळे," टॅन्सी म्हणाली, आणि हात पुसून चित्र रंगवायला बसली.

गुरुवारी तेच झालं. डेल्फीननं समजावलं, मग दटावलं, मग लाच देऊ केली. कुत्र्याचं पिल्लू आणू, असं ल्योनेल म्हणाला, तेव्हा टॅन्सीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "त्याला नंतर कोण सांभाळणार?" ल्योनेल उठून बाहेर ट्रकचं इंजिन तपासायला गेला. इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शहरातल्या रुग्णालयातून नर्सचा फोन आला. एक-दोन दिवस चुकले तर डॉक्टर बघून घेतील, ती म्हणाली, पण सोमवारीही पोरीनं तोंड उघडलं नाही तर दाखल करावं लागेल आणि औषध नाकातून नळी घालून द्यावं लागेल. डेल्फीनला आकडे पाठ होते. या जातीच्या कर्करोगात शंभरातली साधारण नव्वद मुलं पाच वर्षं ओलांडतात. पण तो आकडा औषध घेणाऱ्या मुलांचा आहे. न घेणाऱ्यांचा आकडा तिनं एकदा शोधून वाचला होता आणि पुन्हा वाचायचा नाही असं ठरवलं होतं.

दुपारी ती कामावरून घरी आली तेव्हा सासरे स्वयंपाकघरात बसले होते. त्यांना सगळेच मोशुम म्हणत. क्री या त्यांच्या आदिवासी भाषेत आजोबाला तसं म्हणतात, आणि नातीच्या तोंडचं ते नाव हळूहळू सगळ्या घराचं झालं होतं. डेल्फीन कामावर असली की टॅन्सीजवळ थांबायला ते रिझर्व्हवरून, म्हणजे क्री लोकांच्या राखीव वस्तीवरून, वीस मैल गाडी चालवत येत. त्यांनी टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला.

"पोरीच्या उशीखाली होता. शाळेतून शुभेच्छांची पत्रं आली ना बुधवारी, त्या पाकिटातला."

डेल्फीननं तो उलगडला. शनिवारच्या कार्यक्रमाचं पत्रक होतं. वर मोठ्या रंगीत अक्षरांत 'टॅन्सीसाठी आम्ही केस कापतो', आणि खाली नावांची यादी.

"पहिलं नाव वाच."

"ल्योनेल."

"वरची ओळ आणि बापाचं नाव, एवढं तिलाही वाचता आलं. पहिलीतल्या पोरीला तेवढं पुरतं."

डेल्फीनच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला, आणि त्या क्षणाची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली. दोन वर्षांपूर्वी सासू गेली तेव्हा ती तिथंच उभी होती. ल्योनेलनं, त्याच्या दोन्ही भावांनी आणि मोशुमनी आपापल्या वेण्या कापून शवपेटीत ठेवल्या होत्या, आणि चार वर्षांची टॅन्सी तिच्याच कडेवर होती. म्हणजे माहिती सगळी हाताशी होती. तिनं ती वापरली नव्हती. तिची स्वतःची आई विनिपेग शहरात केस कानापर्यंत कापून, कसलाही रिवाज न सांगता जगली होती. दफन एका कप्प्यात आणि हॉकीचा रिंक दुसऱ्या कप्प्यात, अशी डेल्फीनच्या डोक्यातली मांडणी होती. ल्योनेलची आत्ताची वेणी खांद्याच्या जरा खाली पोचत होती. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. हिशेब जुळत होता.

तरीही ती सवयीनं म्हणाली, "मोशुम, केस म्हणजे मेलेल्या पेशी. ते कापल्यानं कुणाला काही होत नाही."

"होतं असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणजे..."

"कापल्यानं माणूस मरतं, असं मी म्हटलं नाही. माणूस मेल्यावर कापतात, असं म्हणतोय. एवढी शिकलेली तू, आणि वाक्य उलटं वाचतेस."

डेल्फीन खुर्चीवर बसली.

मोशुमनी कागदाची पुन्हा घडी घातली. "मी तिच्याच एवढा होतो. सहाचा. आम्हा क्री पोरांना ट्रकमध्ये घालून सरकारच्या त्या निवासी शाळेत नेलं आणि पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवून वेणी कापली. मला वाटलं, आई गेली. नाहीतर कशाला कापतील?"

"तुम्ही विचारलं नाहीत कुणाला?"

"कुठल्या भाषेत विचारू? त्यांची येत नव्हती, आपली बोललं की मार होता. दहा महिने मी आईला मेलेली धरून चाललो. जूनमध्ये घरी सोडलं तर आई दारात उभी. मी तिला चिमटा काढून बघितला." ते थोडे हसले. "मला वेडा म्हणू नकोस. समोर जे होतं त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. नातीचाही बरोबर आहे."

टॅन्सी आपल्या खोलीत पलंगावर पालथी पडून निळ्या खडूनं घोडा रंगवत होती. डेल्फीन शेजारी बसली.

"टॅन्सी, बाबा केस का कापणार आहेत असं तुला वाटतं?"

"तुला माहितीये."

"मला तुझ्याकडून ऐकायचंय."

टॅन्सीनं सुस्कारा टाकला. मंद विद्यार्थ्यासमोर शिक्षक टाकतात तसा. "आजी मेली तेव्हा बाबांनी कापले. काकांनी कापले. मोशुमनी कापले. फक्त चौघांनी. आता अख्खा गाव कापतोय." तिनं खडू बदलला. "म्हणजे मी आजीपेक्षा खूप जास्त मेलेय."

डेल्फीननं तिच्या पाठीवर हात ठेवला. "गावातल्या लोकांना तो अर्थ माहीत नाही. त्यांच्याकडं तसं करत नाहीत. तू एकटीच बिनकेसांची दिसू नयेस, सगळे तुझ्यासारखे दिसावेत, म्हणून ते कापताहेत."

"पण मलाच माझ्यासारखं दिसायचं नाहीये," टॅन्सी म्हणाली. "मग त्यांना कशाला दिसायचंय?"

सात महिन्यांत इतका अचूक प्रश्न डेल्फीनला कुणी विचारला नव्हता.

ल्योनेल नगरपालिकेचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवायचा. तिचा फोन आला तसा तो गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर थांबला.

"तू का बोलला नाहीस?"

"तूच हो म्हणालीस."

"मी पेशी मोजत होते, ल्योनेल."

"ते मला काय माहीत? सात महिन्यांत तू एकदाही कुणाकडं काही मागितलं नाहीस. नर्सकडं उशीसुद्धा नाही. म्हटलं, एक गोष्ट मागतेय तर द्यावी."

"आणि तू वेणी कापली असतीस?"

"कापली असती. मग गाडीत बसलो असतो थोडा वेळ."

"आता नाही कापायची."

"बरं," तो म्हणाला. त्या एका शब्दात त्याचा श्वास मोकळा झाल्याचं तिला ऐकू आलं.

ऑरेस्ट मात्र इतक्या सहज ऐकणारा नव्हता. "डेल, अगं, उद्या आहे कार्यक्रम. शेजारच्या गावाहून दोन न्हावी येतायत. सव्वाशे लोकांनी नावं दिलीत. माझी दाढी एकोणतीस वर्षांची आहे, ती उतरवतोय मी."

"दाढी आहे तशी ठेव."

"बरं, असं करू. ल्योनेलचं नाव काढतो. तुमच्यात चालत नाही, समजलं मला. बाकीचे कापतील."

तडजोड वाजवी होती, म्हणून डेल्फीननं तिचा खरोखरच विचार केला. सव्वाशे माणसं, त्यांची तयारी, त्यांचा चांगुलपणा. तिनं फक्त हो म्हणायचं होतं, आणि पुन्हा नऊच सेकंद लागले असते. पण पलीकडच्या खोलीतल्या मुलीनं केस कापणारी डोकी मोजली होती, आणि त्यातून एक वजा केल्यानं बेरीज फारशी बदलत नव्हती.

"नाही, ऑरेस्ट. टॅन्सीच्या नावानं एकही नाही."

"मग कुणाच्या नावानं कापायचे?"

"तेच मी तुला विचारतेय."

"हे बघ, लोकांना काहीतरी करायचंय. तुला ते कळत नाही का? आम्हाला काहीच करता येत नाही, म्हणून हे. आणि तू तेही हिसकावून घेतेस."

"कळतं मला. म्हणून उद्या येतेय. तुझ्या ध्वनिक्षेपकावर मला दोन मिनिटं हवीत."

"नाही दिली तर?"

"तर मी ओरडेन. माझा आवाज तू ऐकलेला नाहीस."

शनिवारी दुपारी उणे चोवीस तापमान होतं. ल्योनेलनं ट्रक रिंकसमोरच्या आवारात, आत कुणी केस कापत नाही हे टॅन्सीला दिसावं म्हणून दर्शनी काचेकडं तोंड करून उभा केला आणि इंजिन चालूच ठेवलं. टॅन्सीच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या होत्या की तिला गर्दीत नेणं शक्य नव्हतं. ती मागच्या बाकावर मोशुमच्या शेजारी दोन पांघरुणांत बसली होती, आणि आपल्याला इथं का आणलं हे तिनं विचारलंही नव्हतं.

आत मिरचीच्या रश्शाचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. बर्फाच्या मैदानाबाहेरच्या दालनात चार खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर, ज्याची घाई सगळ्या गावाला ठाऊक होती तो गोलरक्षक व्हिक्टर, अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं बसला होता. ऑरेस्टनं डेल्फीनकडं पाहिलं, दाढी खाजवली आणि माइक तिच्या हातात दिला.

"मी टॅन्सीची आई," ती म्हणाली, जरी तिथं ते माहीत नसलेलं कुणी नव्हतं. "सोमवारी मी याला हो म्हटलं. ती चूक माझी. आता नाही म्हणायला आलेय. आमच्याकडं घरातलं माणूस गेल्यावर केस कापतात. टॅन्सीनं ते पाहिलंय. तुमचं पत्रक वाचल्यापासून ती स्वतःला मेलेली समजतेय, आणि मेलेली माणसं औषध घेत नाहीत. बुधवारपासून तिनं गोळी घेतलेली नाही. सोमवारी तिच्या नाकात नळी घालतील. म्हणून कुणी केस कापू नयेत. एवढंच."

केस कापायच्या यंत्रांची गुणगुण थांबली. शाळेच्या मुख्याध्यापिका थिसेनबाई पुढं आल्या. त्यांच्या गळ्यात न्हाव्याचा कपडा आधीच बांधलेला होता. "पण डेल्फीन, आमचा हेतू..."

"हेतूबद्दल तक्रारच नाही, बाई. माझ्या कामात रक्त नेहमी खरंच असतं. पण रक्ताच्या नमुन्यावरचं नाव चुकलं की मी तो फेकून देते. रक्त चांगलं होतं म्हणून कुणी माझ्याशी वाद घालत नाही, कारण चुकीच्या नावाचं चांगलं रक्त माणसाला मारू शकतं."

"आणि माझं काय?" व्हिक्टरनं खुर्चीतून विचारलं. "माझं अर्धं झालंय."

"तुझं तू ठरव. कुणासाठी असं विचारलं तर तिचं नाव घेऊ नकोस."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, पण सगळे हसले नाहीत. एक बाई शेजारणीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं, "एवढं करायचं यांच्यासाठी, आणि वर हे ऐकायचं. उपकाराची जाण म्हणून नाही."

"नाही," डेल्फीन ध्वनिक्षेपकातूनच म्हणाली. "सध्या नाही. त्यासाठी लागणारी जागा दुसऱ्या कामाला लागलीय. तुम्ही मला कृतघ्न म्हणा, ते मला चालेल. नाकातली नळी चालणार नाही." मग तिनं जे मागितलं ते आदल्या दिवशी ठरवलेलं नव्हतं. "तुम्हाला काहीतरी करायचंय ना? ती बाहेर ट्रकमध्ये आहे. माझं ती ऐकत नाही, आणि बरोबर करते. आईचा शब्द हा पुरावा नव्हे. बाहेर चला, टोप्या काढा, आणि तिला डोकी मोजू द्या."

कुणी हललं नाही. काचेबाहेर ट्रकच्या धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर जात होता.

"उणे चोवीस आहे," ऑरेस्ट म्हणाला.

"हो."

"कान गळून पडतील लोकांचे."

"दोन मिनिटांत नाही पडत. मी सांगते ना."

ऑरेस्टनं तिच्याकडं आणि मग बाहेर पाहिलं. त्याचा राग गेलेला नव्हता. तो पुढं महिनाभर तिच्याशी तुटकच बोलला. पण त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, खिशात कोंबली आणि खांद्यानं दार ढकललं. त्याच्यामागून थिसेनबाई, गळ्यातल्या कपड्यासकट, निघाल्या.

सगळे आले नाहीत. डेल्फीननं नंतर आठवून पाहिलं तेव्हा ऐंशीच्या आसपास असावेत. ते ट्रकसमोर वेड्यावाकड्या रांगांत उघड्या डोक्यांनी उभे राहिले. काळे, सोनेरी, पांढरे, तेलकट, टोप्यांनी चपटे झालेले केस, वर वाफ निघणारे. कुणीतरी थंडीनं शिवी दिली.

ल्योनेल पुढचं दार उघडून आत बसला आणि मागं वळला. टॅन्सीनं हात लांब करून त्याची वेणी पकडली, टोकापासून मुळापर्यंत बोटांनी चाचपली, आणि ओढून पाहिली. मोशुमनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

"दुखतंय," ल्योनेल म्हणाला.

मग ती काचेला नाक लावून बोटानं मोजू लागली. एकोणचाळिसावर अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाहेर लोक पाय आपटत राहिले.

"तो अर्धा का आहे?"

"तो व्हिक्टर," आत शिरत डेल्फीन म्हणाली. "तो घाई करतो."

"त्याच्या घरी कुणी मेलंय?"

"नाही. आज इथं कुणाच्याच घरी कुणी मेलेलं नाही. मी विचारून घेतलंय."

टॅन्सीनं लोकांना हात केला. तोही, जा आता, अशा अर्थाचा. रांगा मोडल्या आणि माणसं कान चोळत आत पळाली.

"म्हणजे मी मरणार नाही?"

ल्योनेलनं मान वर केली. त्या नजरेचा अर्थ डेल्फीनला कळला: एकदा, फक्त एकदा, खोटं बोल. मोशुम तिच्याकडं बघत नव्हते.

"तसं कुणीच सांगू शकत नाही," ती म्हणाली. "तुझ्यासारख्या शंभर मुलांनी औषध घेतलं तर नव्वद मोठी होतात. दहा नाही होत. तू कुठल्यात आहेस ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, आणि त्या रिंकमधल्या कुणालाही नाही. म्हणून आधीच ठरवून टाकायचा हक्क कुणालाच नाही. त्यांना नाही आणि तुलाही नाही. आज तू मेलेली नाहीस. म्हणून आज गोळी आहे."

"पाच वाजता."

"चार वाजलेत. नर्सला विचारलंय मी, तासभर आधी चालते."

टॅन्सीनं विचार केला. ती विचार करत असताना कुणीही तिला मदत केली नाही, आणि तिघांनाही ते फार जड गेलं.

"चुकलेल्या तीन पण घ्यायच्या?"

"नाही. फक्त आजची."

"सिरप नको."

डेल्फीननं हात धुण्याचं द्रावण चोळलं, डबी उघडली आणि गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. टॅन्सीनं ती जिभेवर टाकली, बाटलीतून पाणी प्यायली, डोळे मिटले, आणि मोशुमच्या रिझर्व्हवरचे पुरुष बिघडलेल्या ट्रॅक्टरला वापरतात तो एक शब्द उच्चारला.

"हे कुठून शिकलीस?" ल्योनेलनं विचारलं.

मोशुम रस्त्याकडं लक्ष देऊन पाहू लागले, जरी ट्रक उभाच होता.

"आ कर," डेल्फीन म्हणाली. "जीभ वर. आता डावीकडं." तिनं फोनचा दिवा लावला आणि गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या, जिभेखालची जागा, सगळं क्रमानं तपासलं. तोंडात फोड होते, एक दात हलत होता. गोळी कुठंही नव्हती.